चौदावा दिवस

बिलिंगहॅम, रात्रीचे सव्वातीन.
टीज नदीवरून समुद्राचं धुकं आत शिरलंय,
आणि जुन्या अमोनिया कारखान्याच्या जागेवर
आता आम्ही पेशी पाळतो.

पाळतो, हाच शब्द बरोबर.
दोन हजार लिटरचं स्टीलचं भांडं,
आत पातळ ताकासारखं काहीतरी
सारखं घुसळलं जातंय, पण हलक्या हाताने,
कारण पेशीला भिंत नसते, नुसतं कातडं असतं.
भूक लागली की साखर. आंबट झालं की सोडा.
फेस चढला की दोन थेंब, दूध उतू जाऊ नये म्हणून टाकावेत तसे.

विरजण एवढंसंच होतं:
उणे एकशे नव्वद अंशांतून काढलेली कुपी,
मग फ्लास्क, मग मोठा फ्लास्क, मग पिशवी, मग हे.
विरजण पहिल्यांदा कुणाकडून आणलं
ते शेवटी कुणालाच सांगता येत नाही.
ह्याचं मात्र सांगता येतं.
एक चिनी हॅमस्टर, मुठीत मावेल एवढी.
तिच्या बीजांडकोशाचा एक तुकडा,
माझ्या आईच्या जन्माच्या आसपासचा.
ती कधीच गेली. पिल्लं झाली होती का, मला ठाऊक नाही.
तुकडा अजून दुभंगतोय, दर वीस-बावीस तासांनी,
मरायचं राहून गेल्यासारखा.

तिच्या कानात आम्ही माणसाचं एक जनुक सांगितलंय.
आता ती तेच घोकते, पावकी-निमकीसारखं,
आणि प्रत्येक घोकणीला एक रेणू बाहेर टाकते
जो तिच्या स्वतःच्या काहीच कामाचा नाही.

सहाव्या दिवशी आम्ही ऊब सदतीसवरून तेहतीसवर आणली.
म्हणजे: वाढू नका आता, नुसतं काम करा.
माझ्या पहिल्या व्हिसावर साधारण हेच लिहिलं होतं.

ट्रेवर हेदरिंग्टन माझा पाळीचा जोडीदार.
पूर्वी इथेच अमोनियाच्या पाइपांवर होता.
तेव्हा आवाजाने कान फुटायचे, म्हणतो, आता नुसते बुडबुडे.
त्याची बोटं आल्याच्या कुड्यासारखी झाली होती,
चहाचा मग दोन्ही तळव्यांत धरायचा.
गेली चार वर्षं दर पंधरवड्याला
पोटाच्या कातडीत स्वतःच सुई टोचून घेतो.
तेही असंच कुठल्यातरी भांड्यात पिकलेलं.
इथलं नाही. कुठलं, ते त्याने कधी विचारलं नाही.
बोटं आता उघडतात. पूर्ण नाही. झाकण फिरवण्याइतकी.

आज सहाला सुगी करायची होती.
दोनपासून ऑक्सिजनची रेषा खाली खाली येत होती
आणि मी प्रोबला खोटारडा म्हणत बसले.
मग नमुना काढला, काचेवर घेतला.
गोल गोल पेशी, ओळखीच्या,
आणि मधल्या जागेत काहीतरी वळवळलं.
काडीएवढंसुद्धा नाही, काडीच्या सावलीएवढं.
ट्रेवर बराच वेळ डोळा लावून राहिला.
मग म्हणाला, "चहा ठेवतो."

फोन झाले. कुणाला तरी झोपेतून उठवलं.
तिने दोनदा विचारलं, खात्री आहे ना?
कॉस्टिक सोडलं, तासभर थांबलो,
मग तळाचा व्हॉल्व्ह, तो अजून हातानेच उघडावा लागतो,
साडेतीन वेढे.
ट्रेवरने मला बाजूला केलं.
एक. मध्ये थांबला. दोन.
दोन हजार लिटर खाली जाताना
भिजलेल्या पावासारखा वास येतो, हे मला माहीत नव्हतं.

वहीत लिहिलं: पाच बावन्न.
केले, ट्रे. हे. तपासले, व. खां.
कारण ह्या रकान्यात माझा पेन जरा अडला.

फ्रीझरमध्ये अजून तीनशे बारा कुप्या आहेत.
सोमवारी एक वितळवू.

"कुणाची तरी सुई उशिरा होणार," तो हातमोजे काढताना म्हणाला.
"साठा असतो," मी म्हणाले.
"असतो," म्हणाला,
आणि उजव्या हाताची बोटं मिटून पाहिली,
उघडून पाहिली.